सेकंड शिफ्टवाल्याला दातांचा मेसेज किती वाजता पाठवायचा?

नाशिकच्या सिडकोत दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे पेशंटमध्ये अंबड-सातपूरची पोरं असणारच. आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसला जेवणारी. दाढ ठणकायला लागल्याशिवाय ती पायरी चढत नाहीत, आणि चढली तरी एकदाच. गोळी घेतली, ठणका थांबला की पुढची अपॉइंटमेंट हवेत जाते. अशा वयाच्या मुलांना रोजच्या रोज दात घासायची आठवण फोनवरून आपोआप पाठवली तर काही फरक पडतो का, हे पाहण्याजोगं एक प्रकरण आमच्याकडे घडलं. ते जसं घडलं तसं मांडते. पेशंटची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

मुलगा 22 वर्षांचा. चांदवड तालुक्यातला, फिटर ट्रेडचा. अंबडच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात शिकाऊ. राहायला चुंचाळ्याच्या बाजूला, एका खोलीत सहा कॉट, गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक बेसिन. तो दाढेसाठी नाही, हिरड्यांसाठी आला, हेच जरा वेगळं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ब्रश केला की रक्त येतं. म्हणून ब्रश बंद केला. आता बोटानंच पेस्ट लावतो." लाज अशी की बोलताना ओठ मिटून घ्यायचा. तोंडाला वास येतो असं खोलीतल्या कुणीतरी बोलून दाखवलं होतं, खरं तर तो त्यामुळे आला होता.

रक्त येतं म्हणून ब्रश सोडणारी माणसं मी रोज पाहते. जखमेला हात लावू नये ही आपली शिकवण. पण हिरडीतून येणारं रक्त बहुतेक वेळा ब्रशच्या घावाचं नसतं. दात आणि हिरडीच्या सांध्यात जिवाणूंचा चिकट थर साचून राहतो, त्यानं हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. ब्रश थांबवला की थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी येतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या काही विद्यार्थ्यांना मुद्दाम दात घासणं बंद करायला लावलं होतं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या विषयात माझ्या मते याहून पटणारा प्रयोग दुसरा नाही, आणि पेशंटला तो गोष्टीसारखा सांगता येतो. या मुलाला सांगितला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझं आठवड्यात जाईल?"

जाईल, पण आधी साफ करावं लागेल. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण, म्हणजे तोच थर कडक होऊन, दगडासारखं बसलेलं होतं. ते घरच्या ब्रशनं निघत नाही. बाकी तपासणीत बरं होतं: सुईसारख्या पट्टीनं हिरडीची खोली मोजली तर कुठेही 3 मिलिमीटरच्या पुढे नाही, एकही दात हलत नव्हता, एका दाढेच्या खाचेत कीड होती ती भरली. सूज हिरडीपुरती, हाड शाबूत. या टप्प्यावर झालेलं नुकसान पूर्ण भरून येतं, हाडापर्यंत गेलं की येत नाही. मशीननं दात साफ केले की दात ढिले होतात हा गैरसमज त्याच्याही घरी होता. प्रत्यक्षात कीटणाचा आधार निघाल्यावर आधीचीच पोकळी जाणवते एवढंच.

साफ केल्यानंतरच्या भेटीत दातांवर लाल रंग लावला. हा खाण्याच्या रंगातलाच एक रंग असतो, साचलेल्या थराला चिकटतो, स्वच्छ दातावरून धुऊन जातो. हिशोब ठेवायची पद्धत 1972 सालची, ओलिअरी यांची: प्रत्येक दाताच्या चार बाजू, म्हणजे 28 दात असतील तर 112 बाजू. रंग धरलेल्या बाजू मोजायच्या आणि टक्का काढायचा. दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे 11 बाजूंपर्यंत, आणायचं. या मुलाच्या अर्ध्याहून जास्त बाजू लाल होत्या. हातात आरसा दिला, तर बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "हे रोज असंच असतं?"

आता मेसेजची गोष्ट. दवाखान्यात अपॉइंटमेंटची आठवण देणारी एक सॉफ्टवेअर सेवा आधीपासून होती. तिच्याबरोबर 'दंत आरोग्य आठवण' असा तयार संच मिळतो: सकाळी सातला एक मेसेज, रात्री साडेनऊला एक. मजकूर तयार, वेळ तयार, पेशंटचा नंबर टाकला की सुरू. साध्या एसएमएसचा पर्याय होता, पण त्यात आपल्याकडे दोन अडचणी. एक म्हणजे मराठी मजकुराला एका एसएमएसमध्ये 70 चिन्हांची हद्द असते, इंग्रजीला 160. आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. "झोपायच्या आधी दोन मिनिटं ब्रश करा, नंतर पाण्यानं चूळ भरू नका." एवढंच वाक्य 61 चिन्हं खातं. खाली दवाखान्याचं नाव आणि नंबर जोडला की एकाचे दोन मेसेज होतात, पैसेही दोनचे. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची, नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर आधी नोंदणी लागते, आणि मेसेज जाहिरातीच्या खात्यात पडला तर तो सकाळी दहा ते रात्री नऊ याच वेळेत जातो. झोपण्याआधी दात घासा हे सांगायला रात्री नऊनंतरची वेळ नसेल तर काय उपयोग? दुसरी अडचण याहून साधी. आजच्या पोरांच्या एसएमएसच्या डब्यात बँक, रिचार्ज, कर्ज आणि रमी यांच्याशिवाय काही नसतं, तो कुणी उघडत नाही. आणि अशा नावावरून आलेल्या एसएमएसला उत्तरही देता येत नाही.

म्हणून व्हॉट्सअॅप. त्याला आधी पेशंटची लेखी संमती, मग साच्याला कंपनीची मंजुरी, पण मजकुराखाली बटणं देता येतात. आमच्या मेसेजखाली दोन होती: 'झालं' आणि 'राहिलं'. मुलाला दाखवलं, त्यानं हो म्हटलं, कागदावर सही केली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा सूर असा आहे की संमती जितकी सहज दिली तितकीच सहज काढून घेता आली पाहिजे. म्हणून 'बंद' असं लिहून पाठवलं की मेसेज थांबतात हेही त्याच कागदावर लिहिलेलं होतं.

पुढच्या भेटीपर्यंत सॉफ्टवेअरवर त्याच्या उत्तरांचा तक्ता देखणा दिसत होता. रोज 'झालं', कधीतरीच 'राहिलं'. कुठल्याही अहवालात हा तक्ता चढला असता तर प्रयोग यशस्वी म्हणून नोंदला गेला असता. पण खुर्चीत बसवून पुन्हा रंग लावला तर वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजू आणि खालच्या दातांची जिभेकडची बाजू तशीच लाल. हिरडीला पट्टी लावली की रक्त. पुढचे सहा-आठ दात मात्र चकचकीत, म्हणजे ब्रश हातात घेतला जात होता, पण घाईत आणि बहुधा सकाळीच.

मी रागावले नाही, कारण रागावून पुढच्या वेळी खरं कळत नाही. नुसतं विचारलं, बटण केव्हा दाबतोस? त्याचं उत्तर असं: "मॅडम, बटण दाबलं की मेसेज डोळ्यासमोरून जातो. नाहीतर वरती दिसत राहतो." लबाडी त्यात नव्हती. फोनवर आलेलं काहीही निकाली काढायची ती सवय आहे, जशी आपण गॅसच्या सबसिडीचा मेसेज न वाचता सरकवून टाकतो.

तक्त्यात एक गोष्ट मात्र कामाची होती: उत्तर किती वाजता आलं याची नोंद. ती काढून त्याच्या शिफ्टशेजारी मांडली. अंबडमधल्या अनेक कारखान्यांसारखी इथेही पाळी आठवड्याला बदलायची. फर्स्ट सकाळी सात ते दुपारी साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा, नाइट बारा ते सकाळी सात. फर्स्टच्या आठवड्यात साडेनऊचा मेसेज बरोबर पडत होता. जेवण झालेलं, पोरं कॉटवर लोळत असायची. उत्तर दहा-सव्वादहाला, आणि चौकशी केल्यावर त्याच आठवड्यात तो खरोखर रात्री ब्रश करत होता असं दिसलं. सेकंडच्या आठवड्यात उत्तर मध्यरात्रीनंतर, कारण कारखान्यात फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बाहेर पडल्यावर फोन चालू केला की इतर शंभर मेसेजबरोबर हाही यायचा. बसथांब्यावर उभं राहून तो 'झालं' दाबायचा. नाइटच्या आठवड्यात उत्तर साडेनऊला लगेच. तेव्हा तो नुकताच उठून अंघोळीला निघालेला असायचा. त्या वेळी त्याला 'शांत झोपण्यापूर्वी दात घासा' असं सांगणाऱ्या मेसेजवर खोलीतल्या पोरांनी काय विनोद केले असतील ते लिहायची गरज नाही.

थोडक्यात, तीन आठवड्यांतल्या दोन आठवड्यांत मेसेज अशा वेळी येत होता जेव्हा ब्रश हाताशी नव्हता किंवा झोप समोर नव्हती. मजकूर कितीही गोड असता तरी फरक पडला नसता. आठवणीच्या मेसेजबद्दल बोलताना लोक शब्दांवर बराच वेळ घालवतात: विनोदी असावा का, भीती घालावी का, नाव घालून लिहावा का. या प्रकरणात तरी मला ते दुय्यम वाटलं. मेसेज पोहोचतो तेव्हा माणूस बेसिनपासून किती पावलांवर आहे, हे पहिलं.

झोपण्याआधीच्या ब्रशवर एवढा जोर का, हेही सांगायला हवं. झोपेत लाळ खूप कमी सुटते. दिवसभर लाळ तोंड धुत असते, आम्ल मारत असते. झोपेत ते काम जवळजवळ थांबतं. दातांवर थर आणि अन्न ठेवून झोपलं की जिवाणूंना तासन्‌तास मोकळं रान. नाइट शिफ्टवाल्यासाठी ही 'रात्र' सकाळी साडेआठला सुरू होते, आणि ती सुरू होण्याआधी कंपनीच्या बाहेर टपरीवर पोहे आणि गोड चहा झालेला असतो. रात्री जागं राहायला पाळीत चार-पाच वेळा चहा वेगळाच, तोही साखरेचा.

दुसऱ्या खेपेची आखणी करताना त्याच्याकडून एकच गोष्ट मागितली: कामावरून आल्यावर तू न चुकता काय करतोस, शिफ्ट कुठलीही असो? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, डबा धुतो. मेसवाल्या मावशी खरकटा डबा दुसऱ्या दिवशी भरून देत नाहीत, वास आला तर खोलीपर्यंत ऐकू येईल असं बोलतात. त्यामुळे रात्री साडेबाराला आला तरी तो डबा गॅलरीतल्या बेसिनवर घासतो, सकाळी साडेसातला आला तरी घासतो. ब्रश मात्र कॉटखालच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, कुणी वापरू नये म्हणून जपून ठेवलेला. म्हणजे सेकंड शिफ्ट संपवून दमलेल्या माणसानं डबा धुऊन परत खोलीत यायचं, अंधारात पेटी ओढायची, बाकी पाच जण झोपलेले, पेटी फरशीवर खरखरते, आणि पुन्हा बेसिनपाशी जायचं. मीही नसतं केलं.

उपाय पाच मिनिटांत निघाला. दुसरा एक ब्रश, टोपणवाला, आणि पेस्टची छोटी ट्यूब डब्याच्याच पिशवीत, बाहेरच्या कप्प्यात. डबा धुताना पिशवी हातात असतेच. त्यानं रात्री बेसिनच्या कडेला ठेवलेल्या डब्याचा आणि ब्रशचा फोटो पाठवला. डब्याचं झाकण उपडं, त्यावर ब्रश, आणि मागे कुणाची तरी वाळत घातलेली बनियन.

मेसेजची रचनाही मग बदलली. सकाळचा मेसेज काढूनच टाकला. आपल्याकडे सकाळी उठून तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नाही. ते घरच्या शिस्तीत बसलेलं आहे, त्याला आठवण लागत नाही. आठवण लागते झोपण्याआधीच्या ब्रशची, कारण तो आपल्या घरांत कधी रीत म्हणून बसलाच नाही. रविवारी एक मेसेज जायचा: या आठवड्यात कुठली शिफ्ट? खाली तीन बटणं: फर्स्ट, सेकंड, नाइट. तो एक दाबायचा आणि त्याप्रमाणे आठवड्याची वेळ आपोआप लागायची. फर्स्टला रात्री दहा, सेकंडला रात्री साडेबारा, नाइटला सकाळी पावणेआठ. मजकूर दोनच शब्दांचा: "डबा धुतला?" फर्स्टच्या आठवड्यात डबा दुपारीच धुऊन झालेला असतो, म्हणून तिथे "झोपायच्या आधी, ब्रश." उत्तराची बटणं काढून टाकली. खरं काय ते रंग सांगतो, मग मुलाला रोज हजेरी कशाला लावायला लावायची? सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रतिसाद नसेल तर सेवेचा उपयोग किती झाला हे दाखवणार कसं. दाखवायचं कुणाला, हा माझा प्रश्न.

अशा मेसेजवर जगात काय अभ्यास झाला आहे ते इथे थोडं सांगते, कारण या मुलाच्या बटणामुळे मला तो वेगळ्या नजरेनं वाचावासा वाटला. न्यूझीलंडमध्ये सरकारी निर्वाह-मदत घेणाऱ्या 18 ते 24 वयाच्या तरुणांना काही आठवडे प्रोत्साहनाचे मेसेज पाठवले गेले. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. दिवसातून दोनदा किंवा जास्त ब्रश करतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं, ते सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण तो मुलांनी स्वतः सांगितलेला आहे, दातांवर रंग लावून मोजलेला नाही. ब्रिटनमध्ये 'ब्राइट' नावाची बरीच मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. 11 ते 13 वयाची 4600 हून जास्त शाळकरी मुलं, वर्गात एक धडा आणि नंतर दिवसातून दोनदा मेसेज. सहा महिन्यांनी दोनदा ब्रश करणारी मुलं जास्त दिसली. अडीच वर्षांनी दातांच्या किडीत फरक नव्हता. शाळकरी मुलांचं आणि कारखान्यातल्या तरुणाचं आयुष्य वेगळं, आणि कीड व हिरड्यांची सूज या दोन वेगळ्या गोष्टी, हे मान्य. कीड साखर किती वेळा तोंडात जाते यावरही ठरते, आणि फोन काही चहातली साखर कमी करत नाही. हिरड्यांचं तसं नाही. तिथे थर निघाला की काही दिवसांत परिणाम दिसतो आणि रक्त थांबलेलं पेशंटला स्वतःला कळतं. म्हणून मेसेजची परीक्षा घ्यायचीच असेल तर हिरड्यांवर घ्यावी, असं माझं मत या प्रकरणानंतर बनलं.

सवयीबद्दलही एक गोष्ट इथे लागू पडली. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांवर प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागत असल्याचं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली बाब ही की लोकांनी सवय एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली होती, जसं की नाश्ता झाल्यावर. शिफ्टवाल्याचं घड्याळ दर आठवड्याला उलटं होतं, त्याला 'रात्री दहा' हा प्रसंग नसतो. डबा हा प्रसंग असतो.

परिणाम काय झाला? नव्या वेळा लागल्यानंतरच्या भेटीत पट्टी लावल्यावर रक्त अगदी थोड्या ठिकाणी आलं. गालाकडच्या बाजू जवळजवळ साफ. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू मात्र तशीच लाल, आणि तिथे कीटण पुन्हा धरायला लागलेलं. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, त्यामुळे कीटण तिथे सगळ्यात लवकर बसतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. ब्रश हातात देऊन कर म्हटलं तर त्यानं तो आडवा धरून आत घालायचा प्रयत्न केला. आडवा ब्रश त्या अरुंद कमानीत मावतच नाही. उभा धरायचा, केसांची टोकं हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरकी टेकवायची आणि जागच्या जागी हलवायचं. हे आरशात दाखवून, त्याचा हात धरून शिकवलं. कुठल्याही मेसेजनं हे शिकवता आलं नसतं. व्हिडिओनंही नाही, कारण व्हिडिओतला दात त्याचा नसतो.

आणखी एक सवय मोडायला वेळ लागला: चुळा. ब्रश झाल्यावर घसा खाकरून चार तांबे पाणी ओतल्याशिवाय आपल्याला तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. पण पेस्टमधलं फ्लोराइड, आपल्याकडे जास्तीत जास्त 1000 पीपीएम, दातावर थोडा वेळ राहिलं तर उपयोगी. फेस थुंकून टाकायचा आणि तसंच झोपायचं. त्याला ते किळसवाणं वाटलं. तडजोड अशी झाली की सकाळी हव्या तेवढ्या चुळा, झोपण्याआधी एकही नाही.

तंबाखूचं तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलला, तेही मी खालच्या ओठाच्या आतला पांढुरका, सुरकुतलेला चट्टा बोटानं दाखवला तेव्हा. नाइटला झोप येऊ नये म्हणून चुना-तंबाखूचा विडा तिथे दाबून धरायचा. घरी आजी मिश्री लावते, त्यामुळे तंबाखू आणि दात यांचा संबंध त्याला वाईट वाटतच नव्हता. महाराष्ट्रात 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात, आणि त्यातले बहुतेक धुराविना. तंबाखू मेसेजच्या यादीत घालावा का, असा विचार आला होता. घातला नाही. सहा जणांच्या खोलीत फोनच्या पडद्यावर 'तंबाखू सोडलीस का' असं झळकणं म्हणजे त्याची गुपितं चव्हाट्यावर मांडणं. त्याबद्दल खुर्चीतच बोललो, 1800-112-356 हा सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर दिला, चट्टा दर भेटीत पाहायचा ठरलं. विडा कमी झाला आहे, सुटलेला नाही.

खोलीतल्यांची थट्टा अपेक्षित होती, ती झाली. "डबा धुतला?" हे त्या खोलीत काही दिवस एकमेकांना हाक मारायचं वाक्य झालं होतं म्हणे. मग त्यांच्यातल्या दोघांनी याच्याच फोनवर येणारा मेसेज आपल्यालाही चालेल असं सुचवलं: तुझा आला की आम्हाला उठव. त्यातला एक नेहमी फर्स्टला आणि दुसरा सुरक्षारक्षक, बारा तासांच्या ड्युटीवर. दोघांनाही साडेबाराचा मेसेज कुचकामी. त्यांना स्वतंत्र यायला सांगितलं, तपासणी, संमती आणि वेळ ज्याची त्याची. एक आला, सुरक्षारक्षक अजून यायचाय.

मेसेज कायम ठेवायचे नाहीत हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. आधी रोज, मग एक दिवस आड. एक दिवस आड केल्यावर तक्रार आली नाही, रंगातही फार फरक दिसला नाही. पण त्याच्याशी बोलताना एक गोष्ट पुढे आली: शिफ्ट बदलते त्या पहिल्या दोन दिवसांत गडबड होते. झोपेचं गणित विस्कटलेलं असतं, खाणं अवेळी, डबाही कधी नेलेला नसतो. तिसऱ्या दिवसापासून गाडी रुळावर. मग बाकीचे सगळे मेसेज काढले आणि फक्त नवी शिफ्ट सुरू होते त्या दिवशीचा एक ठेवला. आठवड्याला एक, तोही नेमका ज्या दिवशी घसरायचं असतं त्या दिवशी. खर्चाच्या दृष्टीनं म्हणाल तर सुरुवातीच्या दिवसाला दोनच्या तुलनेत हा नगण्यच, आणि दवाखान्याच्या स्वागतकक्षावरच्या ताईंचं काम रविवारचं बटण आलं की नाही एवढं पाहण्यापुरतं उरलं.

एका माणसावरून सगळ्या तरुणांबद्दल काही सांगता येत नाही, आणि इथे तर कीटण काढणं, आरसा, रंग, हात धरून शिकवणं हे सगळं मेसेजच्या जोडीला होतं. कशानं किती झालं हे वेगळं काढता येणार नाही. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत रात्री एकपर्यंत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला डबा हा प्रसंग चालेलच असं नाही. तिच्याकडे बहुधा दिवा बंद करण्याआधी फोन चार्जिंगला लावणं हा असेल. तो प्रसंग विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कुठलंही तयार संच विकणारं सॉफ्टवेअर तो विचारत नाही. आता आमच्या नोंदणीच्या कागदावर वय आणि व्यवसायाच्या खाली दोन रकाने वाढवले आहेत: शिफ्ट कुठली, आणि झोपण्याआधी न चुकता काय करता. दुसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा 'मोबाइल बघतो' असं लिहून येतं.

या मुलाची शिकाऊ उमेदवारी संपली. सिन्नरच्या एमआयडीसीत त्याला जनरल शिफ्टची नोकरी लागली आहे, तिथेच खोली बघतो आहे. डबा आता कॅन्टीनमुळे नसेल. शेवटच्या भेटीत त्यानं स्वतःच सांगितलं की ब्रश बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातच ठेवणार. रंग लावला तर खालच्या आतल्या बाजूला तीन-चार ठिकाणी लाल, बाकी ठीक. मेसेज बंद केले आहेत. कीटण काढायला आणि ओठातला चट्टा पाहायला सहा महिन्यांनी बोलावलं आहे. त्यासाठीचा अपॉइंटमेंटचा मेसेज मात्र जाईल, सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला.